सावंतवाडीला गाडीने: ६६ नंबर हायवे की कोल्हापूर-आंबोली?

भाचा विचारत होता, आजी नि पोरांना घेऊन पहिल्यांदाच मुंबईहून गाडीने गावी चाललाय. टोल बघशील तर ६६ नंबरने, पेण-महाडमार्गेच स्वस्त, पुण्याकडून एक्सप्रेसवे, मग खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, फास्टॅगचे मेसेज थांबतच नाहीत. पण रात्री पावसात कोकणातली डायव्हर्जन दिसत नाहीत रे, गेल्या खेपेला आमचा टायर खड्ड्यात फुटला नि जॅक सगळ्या सामानाखाली, नारळाच्या पोत्यासकट अख्खी डिकी चिखलात उतरवली. आंबोलीत धुकं, लो बीमवर हळू, आणि घाट उजेडातच उतरायचा. पंक्चरवाला, चहा वगैरे कोल्हापूरपर्यंत कधीही मिळतं.

एकटा असशील, दिवसा निघून चिपळूणला जेवायचं असेल तर ६६च. आजी सोबत, रात्रीचं निघणं, तर टोल भर आणि कोल्हापूरवरून जा. जॅक वर ठेव.