खुरांची बायोटिन पावडर: नऊ महिने, सात डबे आणि एक खोटा चमचा

आठवा डबा परवा आला, तेव्हा आता लिहूनच टाकतो. बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व, खूर मजबूत व्हावेत म्हणून देतात, हे घोडेवाल्यांना सांगायला नको. माझं भांडण चमच्याशी आहे.

आमची घोडी ठकी, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी, वय अकरा. कागदावर लांबलचक इंग्रजी नाव, महालक्ष्मीच्या रेसमधून निवृत्त, मुक्काम ठाण्यात, गायमुखच्या अलीकडे एका तबेल्यात. घोडबंदर रोडला घोडी ठेवली म्हणजे मी रस्त्याच्या नावाला जागलो, असं मित्र म्हणतात. त्यांना तिथल्या ट्रॅफिकमधून रोज जायचं नसतं.

गेल्या जुलैत तिच्या पुढच्या डाव्या पायाचा नाल तिसऱ्यांदा पडला. दिवसभर चिखल, रात्री कोरडं, त्यामुळे खूर कडेने चुरा होऊन सुटत होता. नालबंद म्हणाला, "साहेब, खिळा मारू कुठे? धरायला काही उरलंच नाही." ऑगस्टमध्ये पहिला डबा मागवला. दीड किलो, २,१०० रुपये. रोज एक चमचा म्हणजे ३० ग्रॅम, त्यात १५ मिलिग्रॅम बायोटिन, सोबत जस्त, तांबं, मेथिओनिन आणि किंचित सेलेनियम. ५० दिवस पुरणार असं डब्यावर छापलेलं. रोजचे ४२ रुपये. परवडेल म्हटलं.

डबा छत्तिसाव्या दिवशी संपला.

पहिला संशय सईसवर, म्हणजे घोडीची निगा राखणाऱ्यावर. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. तबेल्यात अजून आठ घोडी, कुणाच्या तरी तोबऱ्यात आमची पावडर जात असणार, असं मी गृहीतच धरलं. दुसरा डबा कुलपात ठेवला आणि रोज संध्याकाळी स्वतः जाऊन चंदीत मिसळला. तोही छत्तिसाव्या दिवशी संपला.

मग चमचा खिशात घालून नौपाड्यातल्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. सपाट भरून, वर बोट फिरवून पावडर काट्यावर ओतली. "काका, हे भस्म कुठल्या महाराजांचं?" त्याने विचारलं. काट्यावर आकडा आला ४१.२. म्हणजे रोजचे ४२ नव्हे, ५८ रुपये. महिन्याला पावणेपाचशेचा फरक, निव्वळ प्लास्टिकच्या एका चमच्यापायी. सईसची माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, मला आधी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं, चमचा मोठाय."

कंपनीला फोन केला. "सर, पावडर प्रवासात बसते." मग काय, चमचा वाढतो? "सर, तो अंदाजासाठी असतो." अंदाजासाठी असेल तर त्यावर '३० ग्रॅम' असं उठावदार अक्षरांत का छापता? चार फोन झाल्यावर पैसे नाहीत, पण नवा चमचा मोफत आला. त्यात २६ ग्रॅम बसते. दोन्ही चमचे माझ्याकडे आहेत, शेजारी ठेवले तर मायलेक वाटतात.

तिसरा डबा मी हट्टाने काट्यावर मोजून ३० ग्रॅमने दिला. बरोबर ५० दिवस गेला. मी खूश.

आणि इथे माझं मत फिरलं. ठकीचे दात कानशीने घासायला आलेल्या घोड्यांच्या डॉक्टरांना मी हा सगळा पराक्रम ऐकवला. ते म्हणाले, लिपिझानर जातीच्या घोड्यांवरचा जो अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला त्यात रोज २० मिलिग्रॅम बायोटिन दिलं होतं, आणि फरक दिसायला नऊ महिने लागले होते. म्हणजे खोट्या चमच्याने ठकीला साडेवीस मिलिग्रॅम मिळत होतं आणि मी प्रामाणिकपणे मोजून ते कमी केलं! बायोटिन जास्त झालं तर लघवीवाटे जातं, त्याची भीती नाही. भीती सेलेनियमची. ते अती झालं तर आयाळ-शेपटी गळते आणि खुरांनाच आडव्या भेगा पडतात, म्हणजे ज्यासाठी औषध तेच गमावायचं. आमच्या डब्यात चाळीस ग्रॅमलाही ते गरजेपेक्षा कमीच होतं, पण मी सोबत एक लाल टॉनिक देत होतो, त्यातही सेलेनियम. टॉनिक त्याच दिवशी बंद. महिन्याचे सहाशे वाचले, चमच्याचा तोटा भरून वर काही उरलं.

स्वस्तात म्हणून गाईम्हशींचं तयार खाद्य द्यायचा विचारही बोलून दाखवला होता. डॉक्टर प्रथमच आवाज चढवून बोलले. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, आणि गाईला चालणारी मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडू शकते. त्या वाटेला जाऊ नका.

तेव्हापासून रोज ४० ग्रॅम. आता निकाल. खूर महिन्याला सात-आठ मिलिमीटर वाढतो, त्यामुळे जुना खूर दुरुस्त होत नाही, वरून नवा यायला लागतो. ठकीच्या खुरावर केसांच्या कडेपासून सहा सेंटिमीटर गुळगुळीत, खाली जुना खडबडीत पट्टा, मध्ये पेन्सिलीने ओढावी तशी रेघ. नाल पूर्वी तीन आठवडे टिकायचा, आता सहा टिकतो. श्रेय सगळं पावडरीचं नाही. त्याच सुमारास गव्हाचा कोंडा निम्मा करून लसूणघास वाढवला. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, तो मी वर्षानुवर्षं पौष्टिक म्हणून ओतत होतो. शिवाय मधले महिने कोरडे गेले. खरी परीक्षा या जुलैत.

घेणाऱ्यांनी डब्याची किंमत बघू नये. १ मिलिग्रॅम बायोटिन कितीला पडतं ते काढावं. या डब्यात ते २ रुपये ८० पैशांना पडतं. पावडर चांगली आहे, घेतच राहणार.

आठव्या डब्यातही चमचा नेहमीप्रमाणे तळाशी. सईसने कोपरापर्यंत हात घालून काढला, झटकून माझ्याकडे दिला. आता तबेल्यात माझा स्वतःचा काटा असतो. ३४ ग्रॅम.