कलिन्याच्या गावठाणातले फुगे आणि माझी एक सही

५ पैकी ४. एक स्टार कापला कारण बॉटल मसाल्याच्या चिकनचा डबा गळतो, दोनदा सांगून झालं, माझी ऑफिसची बॅग अजून मसाल्याचा वास मारते.

दुकान म्हणजे आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या घराची खिडकी, बोर्ड वगैरे काय नाय. आंटी ईस्ट इंडियन आहेत. म्हणजे बंगालच्या नव्हेत हो, इथलेच, मुंबईचे मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, फक्त हे नाव त्यांनी १८८७ ला व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळेला घेतलं. रविवारी सकाळी चर्चमधली मिस्सा (प्रार्थना) झाली की फुगे मिळतात, म्हणजे तळलेले गोल पाव. मैदा, अंडं, नारळाचं दूध, पीठ मुठीत धरून अंगठ्याजवळून पिळायचं आणि गोळा तेलात सोडायचा, तो आपोआप फुगून उलटा होतो. साडेदहाला गेलात तर तळाचे दोन-चार मिळतील. बॉटल मसाला एप्रिल-मेमध्ये घ्या, तेव्हाच उन्हात वाळवून, भाजून, कुटून बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात.

आता खरं सांगायचं तर २०२२ मध्ये या खिडकीविरुद्ध सोसायटीचं लेटर गेलं, पोर्कचा वास येतो म्हणून, ते टाइप मी केलेलं आणि पहिली सही पण माझीच. मी या एरियात येऊन ८ वर्षं, आंटींच्या पणजोबांची विहीर इथे, आणि वास कोणाला येतो तर मला! दोन महिने खिडकी बंद होती.

गेल्या वर्षी मुलीने हट्ट केला म्हणून तोंड लपवत गेलो. पैसे जीपेने केले, आंटींनी फोनमध्ये नाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं. "लेटरवर सही तुझीच ना रे?" मी म्हटलं हो. त्यांनी बारा फुगे मोजले, बाराच, एक कमी नाय की जास्त नाय, आणि स्वतःहून म्हणाल्या, "पोर्कची कढई वेगळी आहे हां, झारा पण." मला तर हे विचारायची पण हिंमत नव्हती.

नंतर ओळख वाढल्यावर विचारलं, राग नाही आला? "आला ना! पोराची फी राहिली होती. पण रोज संध्याकाळी रोझरीला, जपमाळ ओढताना, 'आमच्या बापा' बोलायचं नि तुला मनात धरून बसायचं, जीभ अडते रे." मराठी बायबलात मत्तयाच्या ६ व्या अध्यायात ती प्रार्थना वाचली तर तिथे शब्द आहे ऋण, जसं आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड. आंटींच्या खिडकीला सुतळीने उधारीची वही टांगलेली आहे, म्हणून मला तो शब्द जरा जास्तच लागला. वहीत काही नावांवर आडवी रेघ आहे, पैसे आले म्हणून की सोडले म्हणून ते त्या सांगत नाहीत. येशूने त्याच्या शिष्याला, पेत्राला, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर म्हटलं होतं, ते काढलं तर आंटी म्हणाल्या, "चारशे नव्वद, मी मोजते."

पार्किंग नाही, रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडा. सोरपोतेल, म्हणजे पोर्कचं कालवण, दोन दिवस आधी सांगावं लागतं, खाणारे म्हणतात तिसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं, मी अजून त्या कढईपर्यंत पोचलो नाही.

काल नेट गेलं होतं म्हणून माझे ४० रुपये वहीत लिहिले. नाव लिहिलंय 'लेटरवाला'.