एक्सफॅट की ईएक्सटी४? लिनक्सला जोडायच्या डिस्कसाठी

डिस्क लावली, माउंटही झाली (म्हणजे लिनक्सने ती वापरासाठी जोडून घेतली), पण फाइल ठेवायला गेलं की ‘परवानगी नाही’. यावर सर्रास सीएच-मॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी आज्ञा) सुचवलं जातं. खरा उपाय मात्र डिस्कवर कोणती फाइल सिस्टिम (फाइली साठवायची पद्धत) आहे, एक्सफॅट की ईएक्सटी४, त्यावर ठरतो.

एक्सफॅटमध्ये मालक, गट, परवानग्या साठवायला जागाच नाही. त्या माउंट करताना ठरतात आणि सगळ्या फाइलींना सरसकट लागू होतात. त्यामुळे इथे सीएच-ओन (मालक बदलणारी आज्ञा), सीएच-मॉडचा उपयोग नाही; एफस्टॅब या फाइलीत (कोणती डिस्क कशी माउंट करायची ते इथे लिहितात) डिस्कच्या ओळीत यूआयडी=१००० (मालकाचा क्रमांक), यूमास्क=०२२ (कोणते हक्क काढून घ्यायचे ते) लिहायचं. म्हणजे लिहायचा हक्क तुम्हाला, बाकीच्यांना फक्त वाचन. (तुमचा यूआयडी आधी तपासा, तो १०००च असेल असं नाही.)

ईएक्सटी४चं उलट. परवानग्या डिस्कवरच राहतात, प्रत्येक फाइलीच्या वेगळ्या. एफस्टॅबमध्ये यूआयडी लिहिलात तर माउंटच होत नाही. माउंट करून एकदा सीएच-ओन चालवलं की झालं. खोच एवढीच, की डिस्कवर मालकाचं नाव नाही, क्रमांक नोंदला जातो. दुसऱ्या मशीनवर तोच क्रमांक भलत्याचाच असू शकतो. शिवाय इथे जर्नल (होणाऱ्या बदलांची आधी केलेली नोंद) आहे, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी फाइल सिस्टिम सहसा सावरते. एक्सफॅटला ती सोय नाही.

डिस्क विंडोज, मॅकवरही फिरणार असेल तर एक्सफॅटच बरी. घरच्या सर्व्हरला कायम जोडलेली असेल, तर मी डोळे झाकून ईएक्सटी४ घेईन. आणि दोन्हींत एफस्टॅबच्या ओळीत नोफेल लिहाच: डिस्क काढलेली असली तरी बूट अडत नाही.