बार्सिलोनाच्या बंदरात एक दिवस : हॉप-ऑन हॉप-ऑफ बसचा अनुभव

भूमध्य समुद्रातील आमच्या क्रूझचा बार्सिलोनातील थांबा सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असा होता आणि जहाजावर परतण्याची शेवटची वेळ साडेपाचची होती. सोबत सत्तरी ओलांडलेली, गुडघेदुखीने बेजार झालेली आई होती. जहाजाच्या सहलीतील धावपळ तिला झेपणार नाही म्हणून आम्ही दिवसभराच्या तिकिटाची उघड्या छताची बस निवडली. माणशी तीस युरोंच्या वर पैसे मोजले. ते कुठे वसूल झाले आणि कुठे नाही, हे सविस्तर सांगावेसे वाटते.

बार्सिलोनात मोठी क्रूझ जहाजे बहुधा मोल अदोसात या लांबलचक धक्क्यावर लागतात. तिथून शहरात पायी जाणे ज्येष्ठांना शक्य नाही. शटल बस जहाजांसाठी उघडणारा पूल ओलांडून कोलंबसच्या स्मारकाजवळ आणून सोडते. १८८८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला हा साठ मीटर उंच स्तंभ म्हणजे परतीची खूणच. पर्यटक बसचा थांबाही जवळच आहे. जहाज नऊला लागले, तरी उतरण्याची रांग, शटल आणि तिकीट हे सगळे उरकून आम्ही वरच्या मजल्यावर बसलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. वेळापत्रक आखताना हा दीड तास आधीच वजा करावा.

वरच्या मजल्यावरचा प्रवास मात्र मनापासून आवडला. पासेच दे ग्रासिया या रस्त्यावरून जाताना वास्तुविशारद गाउदीच्या कासा बात्लो या इमारतीचे मुखवट्यांसारखे सज्जे जवळजवळ आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतात. पदपथावरून मान वर करून पाहताना हे सुख मिळत नाही. पुढे आईने विचारले, "इथे प्रत्येक चौकात इमारतींचे कोपरे तिरके कापल्यासारखे का दिसतात?" ही एक्साम्प्ले वसाहत इल्देफॉन्स सेर्दा या अभियंत्याच्या १८५९ च्या आराखड्यानुसार वसवलेली आहे. चौकात ऊनवारा खेळावा आणि वाहनांना वळायला जागा मिळावी म्हणून त्याने सगळे कोपरे छाटले होते. खाली उभे राहिल्यावर चौक केवळ ऐसपैस वाटतो. बसच्या उंचीवरून तो अष्टकोनी आहे हे चटकन ध्यानात येते. आई वाटभर कोपरे मोजत होती.

सग्रादा फमिलिया या चर्चपाशी उतरलो. साडेबाराचे प्रवेशाचे तिकीट घरूनच काढून ठेवले होते आणि ते काढल्याशिवाय या थांब्यावर उतरण्यात अर्थ नाही. १८८२ मध्ये सुरू झालेल्या या चर्चची सूत्रे पुढच्याच वर्षी गाउदीकडे आली आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेने त्याचा मृत्यू होईपर्यंत तो याच कामात गढलेला होता. आत झाडांसारखे फांद्या फुटलेले खांब आहेत. पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या, पश्चिमेच्या तांबड्या-नारिंगी. दुपार कलू लागली तसा नारिंगी उजेड हळूहळू फरशीवर उतरला आणि बाकावर बसलेल्या आईच्या पांढऱ्या साडीवर पसरला. त्या तासाभरासाठी सगळा दिवस खर्ची पडला असता तरी मला चालले असते.

खरी अडचण त्यानंतर आली. दोन वाजता आम्ही पुन्हा थांब्यावर उभे राहिलो, तर दोन बस भरलेल्या आल्या आणि एकीतही आम्हाला जागा मिळाली नाही. थांब्यावरील कर्मचारी पुढची बस लगेच येईल असे सांगत राहिले. सावली नाही, बसायला बाक नाही आणि चाळीस मिनिटे निघून गेली. मनाला वाटेल तिथे उतरा आणि चढा, हे या सेवेचे मूळ आश्वासन आहे. गर्दीच्या वेळी जादा बस सोडता येत नसतील, तर निदान किती वेळ लागेल हे प्रामाणिकपणे सांगायला हवे होते.

पार्क ग्वेलचा बेत तिथेच सोडून दिला. तसेही बसथांब्यापासून उद्यानाच्या फाटकापर्यंत चढ आहे आणि तो दुखऱ्या गुडघ्यांचा अंत पाहणारा आहे. मेट्रोचा विचार केला, पण पासेच दे ग्रासिया स्थानकात गाडी बदलताना जमिनीखालून बरेच चालावे लागते, म्हणून तोही रद्द केला. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. आपण आपले फिरायला गेलो तर ते थांबणार नाही, हा विचार तोपर्यंत डोक्यात घोळू लागला होता.

म्हणून माझे मत असे : बंदरावरच्या एका दिवसासाठी ही बस जरूर घ्यावी, पण वाहन म्हणून नव्हे, तर शहर उंचावरून पाहण्याची जागा म्हणून. उतरायचे ठिकाण एकच ठरवावे, सकाळीच गाठावे आणि परतीसाठी बसच्या भरवशावर राहू नये. आम्ही शेवटी टॅक्सी केली. बार्सिलोनाच्या टॅक्सी मुंबईच्या टॅक्सींसारख्याच काळ्या-पिवळ्या असतात आणि आईला ती पाहताच हायसे वाटले. क्रूझच्या धक्क्यासाठी मीटरवर थोडा अधिभार पडतो, पण गाडीने थेट जहाजाच्या दारात सोडले, तेव्हा सव्वातीन वाजले होते.