कोकणच्या सड्यावर फुल सस्पेन्शन: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीत राहून फुल सस्पेन्शन (पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना दणके झेलणारी) माउंटन बाइक घ्यावी का, असं हल्ली बरेच जण विचारतात. माझं उत्तर हो असंच आहे. पण ती निवडताना सगळे आधी मागे किती मिलिमीटर ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक किती वरखाली होऊ शकतं, ते बघतात, आणि आपल्याकडे ती गोष्ट नंतर येते. समुद्रकाठी राहणाऱ्याने आधी विचारावं की फ्रेमच्या सांध्यांत बेअरिंग किती आणि कुठल्या नंबरची आहेत.

माझी सायकल अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची आहे. चाकं 29 इंची, पुढे 130 आणि मागे 120 मिमी ट्रॅव्हल, दोन्हीकडे हवेवर चालणारं सस्पेन्शन. वजन पेडलसकट 15 किलोच्या आसपास. त्याआधी बरीच वर्षं हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) चालवली, त्यामुळे तुलना त्याच रस्त्यांवरची आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढचं सगळं या प्रकारच्या कुठल्याही सायकलला लागू पडतं.

आमच्याकडे गाव खाली खाडीकाठी आणि वर सडा. वाडीतून निघालं की छोटा पण खडा चढ, आणि वर पोचलं की नजर पोचेल तिथवर उघडा कातळ. नकाशावर हा भाग सपाट दिसतो. चाकाखाली मात्र जांभ्याची भोकं, कपारी, बोटभर उंचीचे धारदार काठ, आणि हे सगळं सलग, श्वास घ्यायलाही जागा नाही असं. हार्डटेलवर इथे सीटवर बसून पेडल मारताच येत नाही. उभं राहून चालवावं लागतं, आणि तासाभरात कंबर आणि मनगटं बोलायला लागतात. फुल सस्पेन्शनवर मी बसून, एका लयीत पेडल मारत सडा पार करतो. मोठ्या उतारांसाठीच ही सायकल असते असा समज आहे, पण आपल्याकडे तिचा खरा उपयोग या सपाटीवर आहे. दुसरा फायदा चढावर कळतो. सुट्ट्या खडीवर हार्डटेलचं मागचं चाक उडतं आणि जागच्या जागी फिरतं. इथे ते जमीन धरून राहतं. पेडलपाशी 32 दात्यांची चेनरिंग आणि मागे 10 ते 51 दात्यांची कॅसेट आहे, म्हणून खाडीपासून सड्यापर्यंतचे सिमेंटचे चढही बसूनच जमतात.

म्हणूनच 120 ते 130 मिमी ट्रॅव्हल इथे भरपूर झालं. 150-160 वाली सायकल जड पडते, आणि ते ट्रॅव्हल पुरेपूर वापरता येईल असे लांब उतार घाटमाथ्यावर आहेत, किनाऱ्यावर नाहीत.

आरे-वारेच्या डांबरी रस्त्याने गणपतीपुळे आणि परत, एवढंच तुमचं चालवणं असेल तर हे पैसे खर्च करू नका. चांगली हार्डटेल घ्या, त्यावर रुंद टायर लावा. आणि गावातल्या दुकानात ‘डबल शॉकर’ म्हणून मिळते ती स्वस्त सायकल तर कुणालाच सुचवणार नाही. तिच्या मागच्या स्प्रिंगला डँपिंग नसतं, म्हणजे दबलेली स्प्रिंग सुटताना तिला आवर घालणारं काही नसतं. प्रत्येक पेडलला सायकल वरखाली होते, निम्मी ताकद त्यातच जाते, शिवाय वजनही जास्त.

आता सेटिंग. दुकानात सगळे सीट दाबून बघतात आणि ‘मऊ आहे’ म्हणतात. त्यातून काही कळत नाही. नेहमीची बॅग, पाणी, हेल्मेट अंगावर घेऊन सायकलवर बसायचं, शॉकवरची (मागच्या सस्पेन्शनच्या नळकांड्यावरची) रबराची रिंग सीलपर्यंत सरकवायची, हळूच उतरायचं आणि रिंग किती सरकली ते मोजायचं. माझ्या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे तो जास्तीत जास्त दबतो तेवढी लांबी, 45 मिमी आहे. 30 टक्के सॅग (नुसत्या वजनाने शॉक दबतो तो) म्हणजे साधारण साडेतेरा मिलिमीटर. मी सड्यासाठी त्याच्या जवळपास ठेवतो, डांबरी रस्ता जास्त असेल त्या दिवशी थोडी हवा वाढवतो. शॉक पंप सायकलबरोबरच घ्या, कारण साध्या पंपाने हे काम होत नाही. रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत उघडण्याचा वेग, मात्र कातळावरच ठरवावा लागला. तो फार हळू ठेवला की एकामागून एक येणाऱ्या काठांवर शॉक परत उघडायच्या आत पुढचा दणका बसतो, आणि थोड्या वेळाने सायकल दबलेलीच राहते. मी दोन क्लिक वेगवान केला आणि सड्यावरचा फरक लगेच जाणवला.

पाऊस लागला की खरी परीक्षा. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिमीच्या वर पाऊस पडतो आणि बाकीचे महिने खारी हवा असतेच. सांध्यातली बेअरिंग चाकासारखी गोल फिरत नाहीत. ती काही अंशातच मागेपुढे हलतात, त्यामुळे आतले छर्रे त्याच त्या जागी घासत राहतात आणि ग्रीस तिथून बाजूला सरकतं. त्यात पाणी शिरलं की काम संपलं. गणपतीनंतर मी मागचा शॉक काढला आणि मागचा त्रिकोण (मागचं चाक धरणारा फ्रेमचा भाग) हाताने वरखाली करून पाहिला. खालच्या मुख्य सांध्यापाशी वाळू दळल्यासारखी खरखर बोटांना लागली. सांधा उघडून बेअरिंगचं सील सुईने उचललं तर आत ग्रीसच्या जागी तांबडं, गंजाचं पातळ पाणी. वरची बेअरिंग मात्र छान होती. पुढच्या चाकाचं पाणी आणि जांभ्याची माती सगळी खालच्या सांध्यावरच उडते, हे तेव्हा नीट कळलं.

इथेच नंबरचा प्रश्न येतो. 6902 किंवा 6900 असा साधा नंबर असेल तर बेअरिंगच्या दुकानात तो मिळू शकतो. पण बऱ्याच फ्रेममध्ये ‘मॅक्स’ प्रकारचं बेअरिंग असतं. त्यात पिंजरा नसतो, छर्रे जास्त भरलेले असतात आणि त्यामुळे ते सांध्यातला भार चांगला पेलतं. “दादा, नंबर आहे, पण मॅक्स नाही हो इथे,” असं ऐकून मी परत आलो. ते ऑनलाइन मागवावं लागलं आणि तेवढे दिवस सायकल उभी राहिली. आता खालच्या सांध्याचा एक जोड घरी असतोच.

माझ्या फ्रेमला मागे हॉर्स्ट लिंक (मागच्या चाकाच्या आसापाशी एक सांधा) आहे, म्हणजे सांधे जास्त. आज पुन्हा घ्यायची झाली तर किनाऱ्यावर राहणारा म्हणून मी फ्लेक्स स्टे असलेली फ्रेम आधी पाहीन. तिथे मागच्या एका सांध्याऐवजी नळीच थोडी लवते. 120 मिमीपर्यंत हे छान चालतं आणि गंजणारी बेअरिंग तेवढी कमी होतात.

धुण्याबद्दल कळकळीने सांगतो. सर्व्हिस सेंटरवर गाड्या धुतात त्या प्रेशरच्या पाण्याने ही सायकल कधीही धुऊ नका. ते पाणी सील ओलांडून थेट आत जातं. बादली, मग आणि मऊ ब्रश पुरे. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूत चालवली असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायची, उद्यावर टाकायची नाही. स्टीलचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये खाऱ्या हवेने धरून बसतात, म्हणून घेतल्या घेतल्या सगळे उघडून ग्रीस किंवा अँटी-सीझ लावून परत बसवा.

सर्व्हिसचा खर्च धरूनच बजेट करा. रॉकशॉक्स कंपनी फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) खालच्या पायांची सर्व्हिस 50 तासांनी सांगते, फॉक्स 125 तास किंवा वर्षातून एकदा. पावसात चालवणाऱ्याने यातला लवकरचा आकडा धरावा. फोर्कचं खालचं तेल आणि फोमच्या रिंगा मी घरीच बदलतो. अ‍ॅलन की, रबरी हातोडी आणि थोडा धीर लागतो. मागच्या शॉकचं आतलं काम करणारं रत्नागिरीत मला कुणी सापडलं नाही. शॉक काढून पुण्याला कुरिअरने पाठवतो, आणि ते मे महिन्यात पाऊस लागायच्या आधीच उरकतो.

तेलावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये मला मिनरल ऑइलवाले बरे वाटले. दुसऱ्या प्रकारातलं डॉट फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. रेझिनचे पॅड पावसातल्या लाल रेतीत बघता बघता झिजले. मेटलचे पॅड आवाज करतात, पण टिकतात. टायर 2.4 रुंदीचे, जाड कडेचे आणि ट्यूबलेस. जांभ्याच्या धारेने पातळ कड चिरते आणि करवंदीचे काटे आहेतच. उन्हाळ्यात आतलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) लवकर सुकतं, दर दोन महिन्यांनी बघावं लागतं.

पावसात शेवाळलेल्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) मात्र कुठलंही सस्पेन्शन उपयोगाचं नाही. तिथे उतरून सायकल हाताने न्यावी.

सड्यावर जाणाऱ्यांना आणखी एक विनंती. इथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, पण कित्येक ठिकाणी भोवती कुंपण नाही आणि तिरप्या उन्हाशिवाय रेषा दिसतही नाहीत. मळलेली वाट सोडून कातळावर सायकल घालू नका. श्रावण-भाद्रपदात ओल्या सड्यावर सीतेची आसवं फुलतात, त्या पट्ट्यांतूनही चाक नेऊ नये.

जुनी सायकल घेत असाल तर सीट धरून मागचा भाग हळूच उचलून बघा; टक् असा आवाज आला तर शॉकचे बुशिंग किंवा बेअरिंग गेलेलं आहे. मग मागचं चाक आडवं हलवून बघा. आणि मालकाची हरकत नसेल तर शॉकचा एक बोल्ट सोडून मागचा त्रिकोण हाताने फिरवा. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलेली असेल तर हे केल्याशिवाय पैसे देऊ नका.