जॉबकार्डावर लिहिलं होतं ‘जनरल चेकअप’

१२ जून २०२४. नांदुरी सोडून सप्तशृंगी गडाच्या घाटात चार-पाच किलोमीटर वर गेलो असू. चढाच्या वळणावर गाडीनं दुसऱ्यातून पहिल्यात यायला हवं होतं, ती आलीच नाही. डॅशबोर्डवर न्यूट्रलचा ‘एन’ लुकलुकायला लागला, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं जागची हलेनात. मागच्या सीटवर आई, मांडीवर देवीच्या ओटीची पिशवी. नारळपाणीवाल्याच्या पोरानं धावत येऊन चाकामागं दगड लावले, तेव्हा कुठे मी ब्रेकवरून पाय काढला.

गाडीची वॉरंटी संपून त्या दिवशी ४१ दिवस झाले होते. अक्षय्य तृतीयेला, ३ मे २०२२ रोजी घेतलेली गाडी, दोन वर्षांची वॉरंटी. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या म्हणून विकणारा पोरगा मागं लागला होता. तेव्हा बारा-चौदा हजार वाचवल्याचा मला फार आनंद झाला होता.

पण बिघाड ४१ दिवसांपूर्वी नव्हता, असं नाही. तो दिवाळीपासूनच होता, आणि मी तो तीनदा सांगितला होता.

गाडी एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनची. पुष्कळांना वाटतं ऑटोमॅटिक म्हणजे आत काहीतरी वेगळंच असणार. तसं नाही. गिअरबॉक्स साधाच, क्लचप्लेटही साधीच. फक्त डावा पाय आणि डावा हात जे काम करतात, ते इथे एक हायड्रॉलिक युनिट करतं आणि त्याला हुकूम कॉम्प्युटर देतो. त्या युनिटात छोटा पंप असतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की दोन-तीन सेकंद ‘घर्र’ असा आवाज येतो, तो याचाच. पंप दाब भरतो, दाब साठून राहतो आणि गिअर बदलताना वापरला जातो. आमच्या गाडीत हा आवाज दार न उघडताही यायला लागला. नाशिकच्या द्वारका चौकात जाममध्ये उभं असताना दर आठ-दहा सेकंदांनी घर्र, घर्र. आणि पहिल्यातून दुसऱ्यात जाताना असा हिसका, की बायको म्हणायची, “तुम्ही शिकाऊ ड्रायव्हरसारखे का चालवताय?”

नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा सर्व्हिस सेंटरला दाखवली. ॲडव्हायझर गोड बोलणारा. “सर, एएमटीत एवढं असतंच. तरी बघून घेतो.” संध्याकाळी गाडी धुऊन, सीटवर कागद घालून परत. जानेवारीत पुन्हा तेच. बिलात मात्र एसी जंतुनाशक आणि इंजिन ट्रीटमेंट न चुकता, दोन्ही मी न मागितलेली. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा नेण्याआधी बायकोनं सिग्नलला त्या आवाजाचा व्हिडिओ काढला. मी तो ॲडव्हायझरला व्हॉट्सॲपवर पाठवला. उत्तर आलं : “सर नॉर्मल आहे, एएमटीचा आवाज असतो. टेन्शन घेऊ नका.” खाली अंगठा.

घाटातून गाडी टोइंगच्या ट्रकवर नाशिकला आली. दुसऱ्या दिवशी एस्टिमेट : हायड्रॉलिक युनिट, क्लच सेट, लेबर मिळून ६१,३०० रुपये. मी म्हटलं, तक्रार वॉरंटीतली आहे, तीनदा सांगितलीय. मॅनेजरनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिन्ही जॉबकार्डांवर, म्हणजे गाडी घेताना तक्रार नोंदवतात त्या नोंदींवर, ‘जनरल चेकअप, वॉशिंग’. गिअर हा शब्द कुठेच नाही. खाली टॅबवर बोटानं केलेली माझी सही. “सर, रेकॉर्डला तक्रारच नाही.”

सही माझीच होती, यात वाद नाही. सकाळी नऊला रांग असते, ऑफिसची घाई असते, तो म्हणतो “इथं सर” आणि आपण बोट फिरवतो. वर काय टाइप केलंय ते वाचलंय कोणी? मी तरी नव्हतं वाचलं.

पंचवटीतल्या एका ओळखीच्या मेकॅनिकला तो व्हिडिओ ऐकवला. बघितलाही नाही त्यानं, नुसता कानाशी धरला. “काका, दाब टिकत नाहीये. म्हणून मोटर सारखी पळते. पळून पळून एक दिवस जळणार, अन् घाटातच जळणार, तिथंच गिअर जास्त पडतात.” मग त्यानं धंद्यातली गोष्ट सांगितली : वॉरंटीचं काम केलं की पैसे कंपनीकडून, लेबरचा दर कमी, कागदपत्रं फार, आणि क्लेम नाकारला तर भुर्दंड डीलरवर. तेच काम गिऱ्हाइकाच्या खिशातून केलं की रोकडा. “मग तारीख संपेपर्यंत नॉर्मलच म्हणणार ना.”

अजून एक मेख. क्लचप्लेट झिजणारा भाग धरतात, त्यामुळे ती सहसा वॉरंटीत येत नाही. म्हणून काहीही झालं की पहिलं बोट क्लचकडे आणि तुमच्या चालवण्याकडे. यात थोडं खरंही आहे. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय मलाही होती, आणि त्यानं प्लेट जळतेच. पण पंप त्यानं जळत नाही.

मग मी काऊंटरवर भांडणं सोडून दिलं. कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केला. सोबत व्हिडिओ, व्हॉट्सॲपचा तारखेसकट स्क्रीनशॉट, तिन्ही बिलं. आणखी एक मागणी केली, जी मेकॅनिकनं शिकवली होती : स्कॅनरवर आलेले फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाड, प्रिंट करून द्या. ती प्रिंट मिळायला सहा दिवस आणि चार फोन लागले. ईमेलमध्ये शेवटी लिहिलं की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतोय आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. हे मला आधी माहीत नव्हतं. वाचल्यावर आवाज आपोआप चढला.

अकराव्या दिवशी कंपनीचा माणूस आला. ‘गुडविल’ म्हणून हायड्रॉलिक युनिट फुकट, क्लच सेट आणि लेबर माझ्याकडे. चूक कोणाची, यावर एक अक्षर नाही. मी १७,८०० भरले. आयोगात जायचं होतं, पण आईची दवाखान्याची धावपळ सुरू झाली आणि गाडीची गरज होती. भरले. अजूनही ते पैसे डोक्यातून जात नाहीत.

ऑक्टोबरला सर्व्हिसिंगला गेलो. ॲडव्हायझर नवीन. मी टॅब स्वतःकडे ओढला. वर ‘जनरल चेकअप’ होतंच. म्हटलं, “पहिल्या-दुसऱ्यात हिसका येतो का तपासावे, पंपाचा आवाज ऐकावा, किलोमीटर ३३,४१०, असं लिही.”

“सर, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही.”

“मग रिमार्कमध्ये लिही.”

मागं रांगेत कोणीतरी घड्याळ बघत होतं. त्यानं टाइप केलं, मी वाचलं, स्क्रीनचा फोटो काढला. मग बोट फिरवलं.