एकच काडतूस भरून दाखवलेली रायफल

पेनसिल्व्हेनियात हरणांच्या रायफल-शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. 2022 साली त्या शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास माझ्यापासून साठेक पावलांवर उभे असलेले हरीण, माझ्या रायफलचा लिव्हर (पुढचे काडतूस आत घेण्यासाठी खाली-वर करायचा दांडा) अर्ध्यावर अडकून बसलेला असताना, अगदी सावकाश झाडीत निघून गेले. पहिली गोळी चुकली होती आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. दुसरे काडतूस चेंबरपर्यंत, म्हणजे ते जिथून झाडले जाते त्या नळीच्या मागच्या पोकळीपर्यंत, पोहोचलेच नाही, त्याला मात्र दोन माणसांचा व्यवहार कारणीभूत होता, आणि माझ्यासारख्या उशिरा या छंदाकडे वळलेल्या इथल्या मराठी मंडळींना तो ठाऊक असावा म्हणून हे लिहीत आहे.

रायफल होती मार्लिन 336, काडतूस .30-30. हे मॉडेल 1948 पासूनचे. मार्लिन कंपनी 2007 मध्ये रेमिंग्टनने आणि 2020 मध्ये रुगरने घेतली, तेव्हापासून कनेक्टिकटच्या जुन्या कारखान्यात बनलेल्या आणि नळीवर ‘जेएम’ हा शिक्का असलेल्या रायफलींना विशेष मागणी आहे. दुकानदाराने तो शिक्का मला भिंगाखाली दाखवला. सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे 24 होते. ते 100 मधून वजा केले की बनावटीचे वर्ष 1976 निघते, हेही त्यानेच समजावले. घरी येऊन मी दोन्ही गोष्टी पडताळून पाहिल्या आणि दोन्ही खऱ्या निघाल्या. जे तपासता येण्यासारखे होते ते त्याने खरे सांगितले होते, आणि त्याच बळावर ‘फारशी वापरलेली नाही, हंगामाला दोन-चार गोळ्या, बस्स’ हे तपासता न येणारे वाक्य मी मुकाट्याने स्वीकारले. बंदूक विकत घेताना भरायचा सरकारी फॉर्म 4473 भरून झाला, पार्श्वभूमीची चौकशी झाली, आणि एवढे सोपस्कार झाल्यावर सगळे रीतसर असल्याचे समाधानही मला वाटले. ती चौकशी घेणाऱ्या माणसाची असते, रायफलची नव्हे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

चालवून दाखवताना त्याने बाजूच्या झडपेतून एक डमी, म्हणजे बिनदारूचे खोटे, काडतूस आत सरकवले आणि लिव्हर खाली-वर केला. काडतूस लोण्यातून सुरी फिरावी तसे चेंबरमध्ये गेले, पुन्हा लिव्हर ओढताच बाहेर पडले. हे त्याने तीनदा केले, प्रत्येक वेळी एकच काडतूस भरून. मी साडेसहाशे डॉलर मोजले. पावतीच्या तळाशी ‘जशी आहे तशी’ असा शेरा होता.

सप्टेंबरमध्ये नेमबाजीच्या मैदानावर मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे साठवणाऱ्या नळकांड्यात, सहा काडतुसे भरली आणि दुसऱ्याच वेळी लिव्हर मध्येच रुतला. ना पुढे जाईना, ना मागे येईना. पुढच्या दोन आठवड्यांत हे इतक्यांदा घडले की मी वहीत नोंदी ठेवू लागलो. दुकानदाराला फोन केला तेव्हा तो म्हणाला की काडतुसांचा दोष असेल. मी चपट्या तोंडाची 150 आणि 170 ग्रेन वजनाची, शिवाय मऊ टोकाची, अशी तीन प्रकारची खोकी आणली (नळकांड्यासारख्या मॅगझिनमध्ये मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे धक्क्याने पेटणाऱ्या टोपीवर, टेकते, म्हणून तिथे कडक अणकुचीदार गोळी चालत नाही, एवढे मला वाचून माहीत होते). तिन्ही सारखीच अडकली. दुसऱ्या फोनवर तो म्हणाला की तुम्ही लिव्हर भीतभीत ओढता, नवीन माणसाचे असेच होते, जरा जोर लावा. नाचता येईना अंगण वाकडे, असेच त्याला सुचवायचे होते, आणि लाज वाटून मी ते मान्यही केले. संध्याकाळी तळघरात उभा राहून मी रिकामी रायफल शेकडो वेळा चालवली. अंगण खरोखरच वाकडे असू शकते, हा विचार मला शिवला नाही.

खरे तर वहीतच उत्तर होते. सहा, चार, तीन, कितीही काडतुसे भरली तरी शेवटचे काडतूस एकदाही अडकले नव्हते.

कारण असे. लिव्हर खाली ओढला की मॅगझिनमधील एक काडतूस स्प्रिंगच्या जोराने मागे सरकून कॅरिअर नावाच्या पट्टीवर येते, कॅरिअर ते वर उचलतो आणि लिव्हर मिटताना बोल्ट हा सरकता दट्ट्या ते चेंबरमध्ये ढकलतो. या सगळ्यात पुढचे काडतूस मॅगझिनमध्येच थोपवून धरणे हेही कॅरिअरचेच काम. मार्लिनच्या लिव्हरची आतली कड धारदार राहिलेली असेल, तर ती वर्षानुवर्षे कॅरिअरला खालून घासते, तिथे खाच पडते आणि कॅरिअर केसभर खाली बसू लागतो. मग दुसरे काडतूस अर्धवट बाहेर येऊन त्याची कड कॅरिअरखाली शिरते आणि सगळे जागच्या जागी आवळले जाते. इथले शिकारी याला ‘मार्लिन जॅम’ म्हणतात, आणि जुन्या रायफली विकणाऱ्या माणसाला हा शब्द ठाऊक नसणे जवळजवळ अशक्य आहे. एकच काडतूस भरले की निसटायला मागे दुसरे नसतेच, म्हणून त्या चाचणीत ही रायफल कधीही नापास होणार नव्हती.

तिसऱ्या फोननंतर दुकानदाराने ‘आपला माणूस’ म्हणून एका गनस्मिथचे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचे, नाव दिले. त्याने दहा दिवस रायफल ठेवून घेतली आणि 185 डॉलरचे बिल दिले: नवा कॅरिअर 110, मॅगझिनची नवी स्प्रिंग 15, मजुरी 60. एव्हाना मी थोडा शहाणा झालो होतो; त्याच्या टेबलावर सहा डमी काडतुसे भरून पाहिली, सहाही निमूटपणे गेली. काढलेला जुना कॅरिअर मागायचे मात्र राहून गेले. पुण्यात स्कूटर दुरुस्तीला टाकली की बदललेला जुना भाग फडक्यात गुंडाळून घरी आणल्याशिवाय माझे वडील पैसे देत नसत, आणि त्यावरून मी त्यांची चेष्टा करीत असे.

मैदानावर पस्तीसेक गोळ्या झाडून झाल्यावर, साफसफाई करताना, रिसिव्हरमधून, म्हणजे हे सगळे भाग जिथे बसतात त्या पेटीतून, तांदळाच्या कणीएवढा राखाडी तुकडा फडक्यावर पडला. नखाने दाबला तर चुरा होईना. जळालेल्या दारूचा थर असेल, असे समजून मी तो टाकून दिला. त्यानंतर आठवडाभराने ते हरीण निघून गेले.

माझ्यासोबत आलेल्या शेजारच्या गृहस्थांनी रायफलचे तोंड जमिनीकडे धरून ती मोकळी केली आणि मला त्यांच्या ओळखीच्या, सत्तरीच्या घरातील एका कारागिराकडे नेले. 336 चा लिव्हर आणि बोल्ट एक स्क्रू काढला की सुटे होतात. एवढे काम मी स्वतःही करू शकलो असतो. पुढचे त्याने केले आणि कॅरिअर दिव्याखाली माझ्या हातात ठेवला. खालच्या बाजूला नख अडकेल इतकी खोल, चकचकीत खाच होती, आणि तिच्या एका कोपऱ्यात राखाडी इपॉक्सीचा उरलेला कपचा चिकटलेला होता. म्हणजे ‘नवा कॅरिअर’ तो हाच, खाच लुकणाने बुजवलेला. स्प्रिंगही जुनीच होती, टोकाला गंजलेली. ‘हंगामाला दोन-चार गोळ्यांनी अशी खाच पडत नाही,’ एवढेच तो म्हणाला. त्याने खाचेवर वेल्डिंगचा थेंब टाकला, तो कानशीने घासत आणि दर वेळी डमी काडतुसे चालवून पाहत बेताचा केला, लिव्हरची धार मारली, स्प्रिंग बदलली आणि 90 डॉलर घेतले. जुनी स्प्रिंग त्याने न मागता कागदाच्या पुडीत घालून दिली.

कॅरिअर उघडा असतानाच काढलेली छायाचित्रे, दोन्ही पावत्या आणि वहीच्या पानांच्या प्रती जोडून मी राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे लेखी तक्रार केली. गनस्मिथने दीड महिन्याने सुट्या भागांचे 125 डॉलर परत पाठवले, सोबत ना चिठ्ठी ना खुलासा. मजुरीचे 60 त्याने ठेवून घेतले. दुकानदाराने पावतीवरील ‘जशी आहे तशी’ या शेऱ्याची प्रत मला टपालाने धाडली.